चावरे

“चावरे साहेब आहेत का?”

काउंटरपलीकडे एक उंच, घामाघूम माणूस उभा होता. खांद्याला गिटारची काळी पेटी, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर कुणीतरी आमच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला होता आणि वर ठळक अक्षरांत ‘श्री. चावरे, गिटार दुरुस्ती’.

मी तारांची पाकिटं खणात लावत होते. मान वर न करताच म्हटलं, “इथे चावरे कुणी राहत नाही.”

तेवढ्यात हे आतून हात पुसत आले. त्या माणसाच्या हातातली चिठ्ठी त्यांनी वाकून वाचली आणि म्हणाले, “मीच चावरे. बसा. काय त्रास देतेय?”

तो माणूस गेल्यावर मी विचारलं, “कशाला हो म्हणालात?”

“एवढा उन्हातून आला बिचारा. आडनाव चुकलं म्हणून परत पाठवू?”

आमचं आडनाव चावरे नव्हतं. ते त्यांना कॉलेजच्या पोरांनी दिलेलं नाव होतं, आणि ते कशामुळे पडलं ते सांगायचं तर आधी माशीबद्दल सांगावं लागेल.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. तार बोटाने दाबली की ती एका पट्टीवर टेकते आणि तिथून पुढे मोकळी थरथरते. थरथरताना ती पुढच्या पट्टीला केसभर जरी घासली, तरी स्वराच्या मागे बारीक झिणझिण सुरू होते. बंद काचेवर माशी आपटत राहावी तशी. हे त्याला माशीच म्हणायचे. माशीची कारणं अनेक. मान वाकलेली असते, एखादी पट्टी वर उचललेली असते, नाहीतर तार ज्या खाचेतून निघते ती खाच झिजून खोल झालेली असते. कधी कधी तारेचा काही दोषच नसतो, दुसरीकडेच कुठला तरी स्क्रू ढिला होऊन तारेच्या जोडीने थरथरत असतो. “माशी कुठे शिंकली ते शोधायला तास लागतो,” हे म्हणायचे, “मग उरतं ते पाच मिनिटांचं काम.”

विजेच्या गिटारला पोट नसतं. भरीव फळीच ती. स्पीकरला जोडली नाही तर तिचा आवाज जेमतेम हातभर जातो. स्पीकरला जोडावी, तर मोठ्या आवाजात माशी लपून बसते. म्हणून माशी शोधायची ती स्पीकर बंद ठेवून. हे गिटार उचलून छातीशी धरत, तिच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर हलकेच दात रोवत आणि डोळे मिटत. डाव्या हाताने तार दाबायची, उजव्या अंगठ्याने छेडायची, आणि ती थरथरतेय तोवर उजवा तळहात गिटारच्या अंगावरून फिरवायचा. जिथे तळहात टेकल्यावर माशी गप्प होई, तिथे हे थांबत. डोळे उघडत. दात काढून घेत आणि म्हणत, “सापडली.”

बघणाऱ्याला वाटे, माणूस गिटार खातोय.

मी आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. हे सगळं लिहायला इतकी वर्षं लागली, कारण ह्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि जे हसण्यासारखं नाही ते सगळं माझ्याकडून झालेलं आहे. आमचं घर त्यांच्या कानावर चालायचं. त्यांच्या हातासारखे हात आणखी चारजणांकडे असतील, पण माशी शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तेच त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि ते मी घेतलं.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. मधे एक जाड पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर, त्यामागे झोपायची खोली. लग्न झालं तेव्हा मला गिटारला तारा सहा असतात हेही ठाऊक नव्हतं. वर्षभरात मी तारा बदलायला शिकले. पहिल्याच महिन्यात एक तार ताणताना तुटून माझ्या गालाला लागली. हे धावत आले, आधी गाल बघितला, मग तार बघितली आणि म्हणाले, “गाल बरा होईल. तार मात्र गेली.” मग स्वतःच इतके हसले की मलाही रागवता येईना. असा माणूस. कुणी काही मागितलं की ‘बरं’ म्हणायचं, कुणी चिडवलं तरी ‘बरं’ म्हणायचं.

चावरे हे नाव त्यांना आवडायचं. मला नाही. पोरं मला चावरेकाकू म्हणायची. दूधवाला म्हणायचा. एकदा शाळेच्या ऑफिसात बाईंनी मुलीच्या अर्जावर आडनावाच्या जागी चावरे लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बरोबर ना?” मी अर्ज ओढून घेऊन खोडलं.

मुलगी सातवीत असताना शाळेचं स्नेहसंमेलन झालं. आम्ही दोघं गेलो. मधल्या रांगेत मी, माझ्या डावीकडे हे, उजवीकडे एक अनोळखी बाई. वरच्या वर्गातल्या मुलांनी नकलांचा कार्यक्रम बसवला होता. मुख्याध्यापक झाले, पोस्टमन झाला. मग एक मुलगा डोळे मिटून, मोठी लाकडी पट्टी दातांत धरून आला आणि पट्टीवर बोटं फिरवत घुमायला लागला. सगळा हॉल हसला. सगळ्यांना कळलं होतं.

माझ्या शेजारच्या बाईला मात्र कळलं नव्हतं. ती माझ्याकडे झुकून म्हणाली, “आम्ही नवीन आहोत हो इथे. कुणाची नक्कल आहे ही?”

“काय माहीत,” मी म्हटलं.

आमची मुलगी रंगमंचाच्या कडेला, समूहगीताच्या मुलींमधे उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझ्या दुसऱ्या बाजूला हे हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

परत येताना ते म्हणाले, “पोराने डोळे मस्त मिटले होते. फक्त दात जरा जास्तच दाबले त्याने. एवढे दाबायचे नसतात.”

मुलगी आमच्यापुढे चार पावलं चालत होती. घरी पोचेपर्यंत ती मागे वळली नाही.

घरात आल्यावर मी म्हटलं, “हसताय काय? तिला उद्या त्याच मुलांमधे जाऊन बसायचंय.”

“काय?” ते बुटाची नाडी सोडत होते. त्यांनी मान वर केली.

“उद्यापासून गिऱ्हाइकासमोर गिटारला तोंड लावायचं नाही, असं म्हणतेय मी.”

“अगं, सवय आहे ती.”

“सवयी सुटतात. लोक सिगारेट सोडतात.”

“पण त्याशिवाय नीट...” ते म्हणाले आणि थांबले.

त्या थांबण्याचा मी नंतर फार विचार केला आहे. तेव्हा केला नाही. तेव्हा मी फक्त म्हटलं, “नीट काय?”

“काही नाही. बरं. नाही लावत.”

आणि त्यांनी खरोखरच सोडलं. गिऱ्हाईक समोर असलं की गिटार मांडीवर आडवी ठेवायचे, इतर कारागिरांसारखी, आणि मान तिरकी करून ऐकायचे. मला बरं वाटलं. चारचौघांसारखं दिसायला लागलं सगळं.

त्याच सुमाराला ते मला हाका मारायला लागले. “अगं, जरा ये. वाजतंय का बघ.” मी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत यायचे, ते तार छेडायचे, मी म्हणायचे वाजतंय किंवा नाही वाजत. पहिल्यांदा मला त्याचं कौतुक वाटलं. इतक्या वर्षांनी माझं मत विचारतात म्हणून. मग कंटाळा आला. गॅसवर दूध ठेवलेलं असायचं आणि बाहेरून हाक यायची. मी आतूनच ओरडायचे, “वाजतंय!” न ऐकताच. तर ते काम सोडून पडद्यापाशी येऊन माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. “काय म्हणालीस?”

“अहो, किती वेळा सांगायचं?”

बायकांच्या नेहमीच्या तक्रारी असतात तशाच माझ्याही होत्या. रेडिओ मोठा लावतात. मागून बोललं तर उत्तर देत नाहीत. “अहो, ऐकलंत का” अशी हाक मारावी, तर तिसऱ्या खेपेला वळतात. माझी बहीण म्हणाली, “सगळे नवरे तसेच. त्यांना सोयीचं तेवढं ऐकू येतं.” आम्ही दोघी हसलो होतो.

एक दिवस दुपारी मी बाजारातून लवकर परत आले. दुकानाचं दार आतून लावलेलं होतं. मागच्या दाराने आत गेले तर हे पडद्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाठ करून उभे. हातात कुणाची तरी लाल गिटार आणि तिच्या टोकावर दात. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर समाधान. तहानलेल्या माणसाच्या तोंडाला तांब्या लागावा तसं.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले आणि दचकले.

“चोरून?” मी म्हटलं. “इथे? जिथे आपण जेवण करतो तिथे? दुसऱ्याच्या वस्तू उष्ट्या करता, काही वाटतं का तुम्हाला?”

त्यांनी गिटार खाली घेतली. खांद्यावरचं फडकं काढून तिचं टोक पुसलं. एकदा पुसलं, उजेडात धरून बघितलं, परत पुसलं.

“बरं,” ते म्हणाले.

त्यानंतर मी त्यांना कधीही तसं पाहिलं नाही.

दोनेक महिन्यांनी हिरवी गिटार आली. आणणारी बाई क्लबात गायची. केस आखूड कापलेले, आवाज घोगरा, चाळिशीची असेल. गिटार तिच्याकडे वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून होती. रंग कडेकडेने उडाला होता पण ती ठेवलेली अशी की बघत राहावं.

“तिसरी तार, मास्तर,” ती म्हणाली. “नवव्या पट्टीवर दाबली की झिणझिणते. स्पीकरवर कुणाला कळत नाही. मला कळतं. आणि एकदा कळलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही हो.”

ह्यांनी तार छेडली, मान तिरकी केली. पोलादी फूटपट्टी मानेवर लांबीच्या दिशेने टेकवून ती कुठे डुगडुगते का ते बघितलं. “दहावी जराशी वर आहे,” ते म्हणाले. कानसीने दहावी पट्टी किंचित घासली, गोल करून चमकवली आणि दिली.

आठवड्याने ती परत आली. “आहे अजून.”

“असेल असेल,” हे म्हणाले. “शेजारची असेल.” त्यांनी अकरावी घासली. मग बारावी. ह्या कामात एक धोका असतो. एक पट्टी जास्त घासली गेली की तिच्या पुढची आपोआप उंच ठरते, मग तीही घासावी लागते, मग तिच्या पुढची. ज्याला आवाज कुठे थांबला ते ऐकू येतं तो वेळीच थांबतो.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा शनिवार होता. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. तिने पेटी काउंटरवर उघडली आणि हळूच म्हणाली, “मास्तर, ह्या पट्ट्या पार खाली बसल्या. आता तर दहावीपासून पुढे सगळीकडेच झिणझिण आहे.”

हे तिच्या ओठांकडे बघत होते. “दहावी?” ते म्हणाले आणि कानस हातात घेतली.

“नको,” ती म्हणाली. तिने आपला हात पट्ट्यांवर आडवा ठेवला. “आता घासू नका, प्लीज. उरलंय काय घासायला?”

बसलेल्या दोघांपैकी एकजण उठला आणि आपली गिटार तशीच उचलून म्हणाला, “मी नंतर येतो, मास्तर.”

मी पडद्याआडून हे बघत होते. पुन्हा सगळ्यांसमोर. पुन्हा आमचंच हसं. मी ओल्या हातांनी बाहेर आले, गिटार माझ्याकडे ओढली, तिसरी तार आधी दहाव्या आणि मग नवव्या पट्टीवर दाबून छेडली. दहाव्या पट्टीवर, घासल्यामुळे नव्याने सुरू झालेली एक झिणझिण होती. पण नवव्या पट्टीवर दुसरी होती, जुनी, वेगळीच. ती मानेतून येतच नव्हती. ह्यांना शेकडो वेळा करताना पाहिलं होतं तसा मी तळहात गिटारच्या अंगावरून फिरवला. पाठीवरच्या चौकोनी झाकणावर हात दाबला, आणि ती गप्प झाली.

झाकण काढलं. आत तीन स्प्रिंगा होत्या. मधली सैल पडली होती. मी कापसाची बारीक वात करून तिच्यात खुपसली, परत तार छेडली. जुनी माशी गेली. दोन मिनिटांचं काम.

आणि मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, “अहो, मागून येत होतं ते. पट्ट्यांचा काय संबंध? एवढंही ऐकू येत नाही का तुम्हाला?”

हे वाक्य आपण दिवसातून दहादा कुणाला ना कुणाला म्हणतो. त्याला कुणी उत्तर देत नसतं.

त्यांनी दिलं. कानस तिच्या जागी ठेवली, तिची मूठ सरळ केली आणि म्हणाले, “नाही. नाही येत.”

उरलेलं गिऱ्हाईक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलं. मला वाटलं हे चिडून बोलले, आणि मी पुढे काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात ती गाणारी बाई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, त्यांना तोंड दिसेल अशी, आणि एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, “किती वर्षं झाली, मास्तर?”

“डाव्याला पंधरा. उजव्याला सात-आठ.”

“म्हणून दात लावायचात. ऐकून होते मी.”

“हाडातून येतं,” ते म्हणाले. “हाडातून अजून सगळं येतं.”

ती परकी बाई तीनदा दुकानात आली होती. तिला एका क्षणात कळलं. मी त्या माणसाच्या शेजारी सोळा वर्षं झोपत होते.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्यांनी कंपन करणारा एक धातूचा चिमटा ह्यांच्या कानाजवळ धरला. ह्यांचा चेहरा कोरा. मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली, आणि चेहरा उजळला. पडद्यामागे लाल गिटारवर दात ठेवून उभे असताना उजळला होता तसाच. कानातलं बारीक हाड जखडलंय, डॉक्टर म्हणाले, हवेतून आवाज आत जात नाही. ऑपरेशनचं बोलणं झालं, त्यात धोकाही सांगितला. हे म्हणाले, “नको. आहे ते जाईल.” मग खिशात ठेवायचं श्रवणयंत्र घेतलं. ते त्यांनी दोन दिवस वापरलं आणि खणात टाकलं. “ह्यात माश्याच माश्या आहेत,” म्हणाले.

दवाखान्यातून परत येताना मी विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

ते चालताना थांबले, माझ्याकडे तोंड करून. “चावऱ्याकडे लोक येतात गं,” ते म्हणाले. “हसत हसत येतात, पण येतात. बहिऱ्याकडे गिटार कोण आणेल?”

मग मला ती चिठ्ठी आठवली आणि ‘मीच चावरे, बसा’ म्हणणं आठवलं. त्या नावामागे तो माणूस लपला होता, आणि मी ते नाव अर्जावरून खोडत बसले होते.

हिरव्या गिटारच्या सगळ्या पट्ट्या त्यांनी काढल्या आणि नव्या बसवल्या. तीन आठवडे दुसरं काम घेतलं नाही. ती बाई घ्यायला आली तेव्हा गिटार काउंटरवर तयार होती, फक्त एकदा तपासायची राहिली होती. मी त्यांच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, “तुम्हीच बघा ना. दात लावून बघा.”

ती म्हणाली, “लावा मास्तर. माझी काही हरकत नाही. उलट मला आवडेल.”

ह्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग तिच्या. खांद्यावरचं फडकं घेऊन गिटारचं टोक पुसलं, जिथे काहीच नव्हतं, आणि गिटार माझ्या हातात दिली.

“तूच ऐक,” ते म्हणाले. “उष्टं नको.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, आणि ते मिटलं असतं. त्यांनी ते नियम सांगावा तसं सांगितलं. मीच घालून दिलेला नियम होता तो.

पुढची बावीस वर्षं दुकान चाललं. हात त्यांचे आणि कान माझे. ते मांडीवर गिटार घेऊन बसायचे, मी समोरच्या स्टुलावर.

“वाजतंय?”

“वाजतंय.”

“आता?”

“थोडं.”

“आता?”

“गेली.”

लोक बघायचे आणि म्हणायचे, काय जोडी आहे. एकाने तर आमचा फोटो काढून नेला. मी हसून तो मान घ्यायचे, आणि तो घेताना दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्या कानाला माशी ऐकू यायची, पण कुठे आहे ते त्यांच्या दातांना जसं कळायचं तसं मला कधीच कळलं नाही. त्यांना तास लागायचा तिथे आम्हा दोघांना अख्खा दिवस लागायचा. त्यांनी एकदाही ते बोलून दाखवलं नाही.

माफी मागितली का? दोनदा मागितली. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते दिव्याखाली खाच कोरत होते. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण हे मुद्दामच पाठीला सांगितलं. दुसऱ्यांदा समोर बसून म्हटलं. ते म्हणाले, “बरं.” आणि माझ्या ताटात भात वाढला.

मुलगी मोठी झाल्यावर एकदा म्हणाली, “आई, त्या संमेलनात शेजारच्या बाईला तू काय म्हणालीस ते मला स्टेजवरून कळलं होतं. तुझे ओठ दिसले.” मग जरा वेळाने म्हणाली, “बाबा तर तेव्हापासूनच ओठ वाचत असतील ना गं?”

हे माझ्या डाव्या बाजूला बसले होते. मी तोंड उजवीकडे वळवलं होतं. म्हणजे त्यांना दिसलं नसणार. असं मी स्वतःला सांगते, आणि मग मला आठवतं की ते हसत होते तेव्हा रंगमंचाकडे बघत होते की माझ्याकडे, हे मी पाहिलेलंच नाही.

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. दुकान मी बंद ठेवलं होतं, मोडलं नव्हतं. गेल्या महिन्यात मुलगी आली आणि म्हणाली, आता आवरू या. ती आतल्या खोलीत खोकी भरत होती. मी पुढच्या खोलीत खिळ्यांवरच्या वस्तू उतरवत होते. शेवटच्या खिळ्यावर त्यांची स्वतःची तपकिरी गिटार होती, त्यांनी निरनिराळ्या मोडक्या गिटारांचे भाग जोडून केलेली. ती विकायची नव्हती आणि कुणी मागायचंही नाही. माझा हात पोचत नसे तितक्या उंच ती असायची, म्हणून इतक्या वर्षांत मी तिला हातही लावला नव्हता. स्टुलावर चढून उतरवली. धूळ झटकली.

वरच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या. खालच्या जुन्या, काळ्या पडलेल्या. त्यांच्यावर दुसऱ्या, नंतरच्या, उथळ, आतलं लाकूड दिसेल अशा. त्या पुष्कळ होत्या. मी बाजाराला जायचे, बहिणीकडे जायचे, मुलीच्या बाळंतपणाला दोन महिने गेले होते. दुसऱ्या कुणाच्या गिटारला त्यांनी पुन्हा तोंड लावलं नाही. ही त्यांची स्वतःची होती.

मी स्टुलावर बसले. माझे पुढचे चार दात अजून माझेच आहेत. ते मी त्या खुणांमधे टेकवले. लाकडाची चव जुन्या पेन्सिलीसारखी होती. तार गंजली होती, तरी अंगठ्याने छेडली.

तो आवाज कानाला येतो तसा येत नाही. तो डोक्याच्या आतच सुरू होतो. इतका मोठा, इतका स्वच्छ, की मी दचकले. आणि त्याच्या मागे, अगदी बारीक, झिणझिण होती. कुठे होती तेही कळत होतं. पाचव्या पट्टीच्या जराशी पुढे.

“आई,” आतून मुलीचा आवाज आला, “वाजतंय का अजून ते?”

“वाजतंय,” मी म्हटलं.

गिटारचं टोक ओलं झालं होतं. सवयीने पुसायला फडकं उचललं. मग ते घडी घालून बाजूला ठेवलं, स्टुलावर चढले, आणि गिटार होती तशी परत खिळ्याला लावली.